बॉयलर ड्रमची पातळी: तिन्ही स्मार्ट ट्रान्समीटर निरोगी, तरीही आकडा चुकीचा (चर्चेचा धागा)

शून्यबिंदू

मी दक्षिण महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो. आमचा बॉयलर ६७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाचा आहे. मागच्या ऑफ सीझनमध्ये ड्रमची, म्हणजे बॉयलरच्या पाणी-वाफेच्या टाकीची, पातळी मोजणारे तिन्ही जुने डीपी (दाबांतल्या फरकावर चालणारे) ट्रान्समीटर काढून त्या जागी स्मार्ट, म्हणजे आपली तब्येत स्वतः कळवणारे, ट्रान्समीटर बसवले. पाइपिंग तेच ठेवले, पातळीची रेंजही तीच ठेवली आणि हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरशी बोलणारे हातातले यंत्र) लावून प्रत्येकाची तपासणी करून घेतली.

अग्निप्रदीपनाच्या दिवशी ड्रममध्ये थंड पाणी भरले तेव्हा गेज ग्लासमध्ये, म्हणजे डोळ्यांनी पाहायच्या काचेत, पातळी बरोबर मध्यावर, म्हणजे ५० टक्क्यांवर होती, आणि डीसीएसच्या (नियंत्रण संगणकाच्या) पडद्यावर मात्र तिन्ही ट्रान्समीटर ६५ टक्के दाखवत होते. एखादा चुकला असता तर त्याच्यावर संशय घेता आला असता, पण तिघेही एकमताने चुकत असल्यामुळे पाळीवरच्या सर्वांनी नव्या उपकरणांवरच ठपका ठेवला. पुरवठादाराचा अभियंता दुसऱ्या दिवशी आला, त्याने लॅपटॉप जोडला, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्स आणि लूप या तिन्हींची स्थिती हिरवी असल्याचे दाखवले, अहवालावर सही घेतली आणि तो निघून गेला. त्यानंतर 'शून्य पंधरा टक्क्यांनी सरकवून टाका' असा आदेश निघता निघता राहिला. तो राहिला याचे श्रेय माझे नाही. काच आणि पडदा जुळत नसताना हात लावायचा नाही, असे म्हणून आमच्या बॉयलर अटेंडंटने जे भांडण काढले, त्याचे ते श्रेय आहे.

दाब चढू लागला तसा फरक आपोआप कमी होत गेला. पूर्ण दाबावर दोन ट्रान्समीटर ५० वर आणि तिसरा ५३ वर स्थिरावला, तर काच ४४ दाखवू लागली. मधला मूल्यांक निवडला जात असल्यामुळे नियंत्रण सुरळीत चालते आणि कोणाची तक्रार नाही.

नंतर जुन्या लॉगबुकात शोधल्यावर कळले की हा फरक नवीन नाहीच. मागच्या वर्षी निवृत्त झालेले आमचे जुने फायरमन थंड बॉयलरवर 'पंधरा वजा करून वाचायचे' असे वर्षानुवर्षे तोंडी सांगत आले होते. ते गेले, नवी उपकरणे आली आणि फरकाचे खापर त्या उपकरणांवर फुटले.

माझे तीन प्रश्न आहेत. थंड बॉयलरवरचा पंधरा टक्क्यांचा फरक घनतेमुळे आहे असा माझा समज आहे; त्याचा हिशेब कोणी तपासून देईल का? पूर्ण दाबावरही काच सहा टक्के कमी का दाखवते? आणि तिसरा ट्रान्समीटर गरम बॉयलरवरच तीन टक्के वर का जातो?

मोजमाप

शून्यबिंदू, तुमच्या अटेंडंटना माझा नमस्कार सांगा. मी पस्तीस वर्षे बॉयलरांवर काम केले आहे. पहिल्या प्रश्नाचा हिशेब सविस्तर मांडतो, कारण तो कागदावर मांडला की 'शून्य सरकवणे' किती धोक्याचे होते तेही आपोआप दिसते.

ड्रमवरच्या दोन टॅपिंगमधले, म्हणजे ट्रान्समीटरच्या नळ्या निघतात त्या वरच्या-खालच्या जागांमधले, अंतर ६०० मिलिमीटर धरू. वाफ निवून पाणी साठणाऱ्या कंडेन्सेट पॉटपासून खाली येणारी संदर्भ नळी नेहमी पाण्याने भरलेली असते आणि ते पाणी बाहेरच्या हवेच्या तापमानाचे असते, म्हणून त्याची घनता ०.९९५ धरू. पूर्ण दाबावर ड्रममधले पाणी सुमारे २८३ अंश सेल्सिअसवर उकळत असते. त्याची घनता उतरून ०.७४५ च्या आसपास येते आणि वाफेची घनता ०.०३५ च्या जवळ जाते. ट्रान्समीटर संदर्भ नळीच्या दाबातून ड्रमचा दाब वजा करतो, म्हणून पाणी वाढले की दाबफरक घटतो. या घनता धरून रेंज काढली तर ड्रम रिकामा असताना दाबफरक ५७६ मिलिमीटर जलस्तंभ आणि पूर्ण भरलेला असताना १५० मिलिमीटर येतो. तुमच्या ट्रान्समीटरमध्ये साधारण हेच दोन आकडे भरलेले असणार.

आता ड्रम थंड आहे आणि निम्मा भरलेला आहे असे समजा. ड्रममधले पाणीही ०.९९५ घनतेचेच असल्यामुळे दाबफरक २९८.५ मिलिमीटर येतो. ५७६ मधून २९८.५ वजा केले की २७७.५ उरतात आणि ४२६ च्या विस्तारात ते ६५ टक्के होतात. म्हणजे ट्रान्समीटरने दाबफरक अचूक मोजला आहे, फक्त त्या दाबफरकाचा अर्थ लावण्यासाठी दिलेली घनता त्या दिवशीच्या ड्रमची नव्हती.

याच रीतीने १० किलो दाबावर खरी पातळी ५० असताना पडदा ५८ च्या जवळ दाखवेल आणि ३० किलोवर ५४ दाखवेल. दाब चढताना फरक आपोआप मिटत गेला तो यामुळे.

शून्य सरकवण्याविषयी थोडे थांबून सांगतो. ही चूक सरकलेल्या शून्याची नाही, ती उताराची आहे. थंड ड्रम पूर्ण रिकामा असेल तर तुमचा पडदा उणे पाच दाखवेल, २० टक्के भरलेला असेल तर २३ दाखवेल आणि ८० टक्के भरलेला असेल तर मोजपट्टीच ओलांडून १०७ वर जाईल. पंधरा टक्के वजा केल्याने फक्त मध्यावरचा आकडा जुळला असता. याहून वाईट म्हणजे बॉयलर तापल्यावर पडदा खऱ्यापेक्षा पंधरा टक्के कमी दाखवू लागला असता, नियंत्रकाने आकडा ५० वर आणण्यासाठी फीड वॉटर (बॉयलरमध्ये सोडायचे पाणी) वाढवत नेले असते आणि खरी पातळी ६५ वर जाऊन बसली असती. मग वाफेबरोबर पाण्याचे थेंब वाफ आणखी तापवणाऱ्या सुपरहीटरकडे आणि तिथून टर्बाइनच्या पात्यांकडे गेले असते. 'पंधरा वजा करा' हा फायरमनचा तोंडी नियम मध्यावर आणि थंडीतच चालतो. त्यांना तो कुठे चालत नाही हेही माहीत असणार, पण लॉगबुकात तेवढे उतरले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकांना पटत नाही, तरी सांगतो. गेज ग्लासही खोटे बोलते. काचेच्या नळीतले पाणी उघड्यावर असल्यामुळे ड्रममधल्या पाण्यापेक्षा थंड, म्हणून जड असते. ड्रममधल्या ३०० मिलिमीटर हलक्या पाण्याला तोलायला काचेत त्यापेक्षा कमी उंचीचे जड पाणी पुरते. काचेतल्या पाण्याची सरासरी घनता ०.८५ धरली तर काचेतली उंची सुमारे २६१ मिलिमीटर येते, म्हणजे ४४ टक्क्यांच्या आतबाहेर. तुमचे सहा टक्के ते हेच. थंड बॉयलरवर काच खरी आणि पडदा चुकीचा, तर गरम बॉयलरवर पडदा खरा आणि काच कमी दाखवणारी, असा हा उलटापालटा प्रकार आहे. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सनुसार बॉयलरवर दोन गेज ग्लास लागतात आणि ते असायलाच हवेत, पण दोन्ही काचा एकाच कारणाने एकाच दिशेला चुकतात हे पाळीवरच्या माणसाला सांगितलेले असले पाहिजे.

तळोजावाला

मोजमाप यांचा हिशेब वाचून आमच्या टाकीची आठवण झाली. रसायनांच्या कारखान्यात आम्ही एका साठवण टाकीच्या तळाशी स्मार्ट ट्रान्समीटर लावून द्रवाच्या वजनावरून पातळी काढत होतो. उत्पादन बदलले आणि त्या टाकीत मिथेनॉलऐवजी टोल्युइन भरले जाऊ लागले. मिथेनॉलची घनता ०.७९ आणि टोल्युइनची ०.८७, त्यामुळे पडदा खऱ्यापेक्षा नऊ-दहा टक्के जास्त दाखवू लागला. स्टोअरचा हिशेब जुळेना तेव्हा चोरीचा संशय आला. त्यात दोन महिने गेले आणि एका निष्पाप माणसाची चौकशी झाली. बदल उलट दिशेने झाला असता, म्हणजे टोल्युइनच्या घनतेवर बसवलेल्या टाकीत मिथेनॉल भरले असते, तर पडदा कमी दाखवत राहिला असता आणि टाकी वरून वाहिली असती.

आता 'स्मार्ट' या शब्दाबद्दल. हनीवेलने १९८३ मध्ये पहिला स्मार्ट ट्रान्समीटर बाजारात आणला आणि रोझमाउंटने विकसित केलेला हार्ट प्रोटोकॉल १९८६ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. म्हणजे हे तंत्र चाळीस वर्षांचे जुने आहे. ४ ते २० मिलिअँपिअरच्या त्याच दोन तारांवर १२०० आणि २२०० हर्ट्झच्या ध्वनिलहरींसारखी बारीक थरथर चढवायची आणि तिच्यातून सेकंदाला १२०० बिटांच्या वेगाने माहिती पाठवायची, इतका तो साधा आहे. चाळीस वर्षांनंतरही आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत ही थरथर डीसीएसच्या कार्डापाशी येऊन मरते, कारण जुनी इनपुट कार्डे फक्त विद्युतप्रवाह वाचतात. ट्रान्समीटर कण्हत असतो आणि ऐकणारा कोणी नसतो.

तेवढ्यातही एक भाग विनासायास हाती लागतो. नामूर या प्रक्रिया-उद्योगांच्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीप्रमाणे मोजमापाचा प्रवाह ३.८ ते २०.५ मिलिअँपिअरच्या आत राहतो आणि बिघाड झाला की ट्रान्समीटर मुद्दाम ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जातो. डीसीएसमध्ये ही मर्यादा भरलेली नसेल तर बिघडलेला ट्रान्समीटर 'पातळी शून्य' किंवा 'पातळी शंभर' म्हणून वाचला जातो आणि नियंत्रक त्यावर कृती करू लागतो. शून्यबिंदू, तुमच्या तिघांची ही दिशा एकसारखी भरलेली आहे का, तेवढे पाहून घ्या. आमच्याकडे दोन खाली जाणारे आणि एक वर जाणारा, असा संसार तीन वर्षे सुखाने चालला होता.

बगॅस

भाबडा प्रश्न विचारतो. घनतेचा एवढा जाच असेल तर डीपी काढून गाइडेड वेव्ह रडारच (दांड्यावरून सूक्ष्मलहरी सोडून पातळी मोजणारे उपकरण) का लावू नये? रडारला घनतेशी काही देणेघेणे नसते, असे विक्रेते सांगतात.

राईनकाठी

बगॅस, विक्रेते अर्धे खरे सांगतात. रडारला पाण्याच्या घनतेने फरक पडत नाही, पण उच्च दाबाच्या संपृक्त वाफेतून सूक्ष्मलहरी हवेपेक्षा सावकाश जातात. परतीला उशीर होतो, उपकरणाला पृष्ठभाग दूर वाटतो आणि पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसते. दाब जितका जास्त तितकी चूक मोठी. यावर उपाय म्हणून दांड्यावर ठरावीक अंतरावर एक संदर्भखूण ठेवतात, तिच्या प्रतिध्वनीवरून वाफेतला वेग काढतात आणि मोजमाप सुधारतात. ही दुरुस्ती मागवताना निवडावी लागते. ती नसलेले स्वस्त मॉडेल मागवले तर तुम्ही पाण्याची घनता सोडून वाफेचा जाच पत्कराल. ट्रिपसाठी, म्हणजे धोक्याच्या पातळीला बॉयलर आपोआप बंद करण्यासाठी, डीपीच्या जोडीला विद्युतवाहकतेवर चालणारे इलेक्ट्रोड लावण्याची पद्धत मला अधिक आवडते, कारण वेगळ्या तत्त्वावर चालणारे उपकरण वेगळ्या कारणाने चुकते.

मी जर्मनीत रसायन उद्योगात काम करतो. इकडे २०२१ पासून इथरनेट-एपीएल या नव्या संपर्कपद्धतीची चर्चा आहे. त्याच दोन तारांवर, स्फोटक वातावरणातही, सेकंदाला एक कोटी बिट नेता येतात. हार्टच्या १२०० बिटांपुढे हा वेग म्हणजे बैलगाडीपुढे आगगाडी. पण मोजमाप यांचा ६५ टक्क्यांचा आकडा त्या आगगाडीतूनही ६५ टक्के म्हणूनच येईल, फक्त लवकर येईल.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. २३ मार्च २००५ रोजी तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा सुरू करताना तो द्रवाने भरत गेला. त्याचा पातळीमापक तळाच्या काही फुटांपुरताच होता आणि त्याचे कॅलिब्रेशन जुन्या, वेगळ्या घनतेवर केलेले होते. १७० फूट उंचीच्या मनोऱ्यात द्रव दीडशे फुटांच्या आसपास पोचला असताना पडद्यावर दहा फुटांहून कमी पातळी दिसत होती आणि द्रव तापत गेल्यामुळे तीही हळूहळू उतरताना दिसत होती. पातळी पाहण्याची काच मळलेली होती आणि उच्च पातळीची स्वतंत्र घंटा वाजलीच नाही. द्रव बाहेर पडून झालेल्या स्फोटात १५ माणसे गेली आणि १८० जखमी झाली. चालकाच्या समोरचा आकडा शांत, विश्वासार्ह आणि हलता होता. हलता होता म्हणूनच तो कोणाला गोठलेला वाटला नाही.

आरती_पुणे

धाग्याचा सूर स्मार्ट सेन्सरच्या विरोधात चालला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी साखर कारखान्यांच्या रस शुद्धीकरण विभागाची उपकरणे पाहते. चुन्याची निवळी आणि सल्फर डायऑक्साइड यांचा तोल साधून रसाचा पीएच सातच्या जवळ ठेवायचा असतो. तो खाली गेला तर साखरेचे विघटन होते आणि वर गेला तर रंग चढतो. इलेक्ट्रोड ७० अंशांच्या रसात असतो आणि त्याच्यावर कॅल्शियमचे कीट रोज बसते.

जुन्या पद्धतीत कामगाराने बफर (पीएच आधीच ठाऊक असलेल्या) द्रावणांच्या बाटल्या घेऊन त्या वाफेच्या आणि गोंगाटाच्या जागी जाऊन कॅलिब्रेशन करायचे असे. तिसऱ्या पाळीत ते होत नसे, हे आपण सारे जाणतो. डिजिटल पीएच सेन्सरमध्ये कॅलिब्रेशनची नोंद सेन्सरच्या डोक्यातच साठते. त्यामुळे सेन्सर प्रयोगशाळेत बसून नीट तयार करायचा, जागेवर नेऊन फिरवून बसवायचा आणि जुना धुवायला आणायचा, एवढेच काम राहते. त्याच नोंदीतून इलेक्ट्रोडचा उतार दिसतो. २५ अंशांवर तो एका पीएचला ५९.१६ मिलिव्होल्ट असायला हवा. धुऊनही तो पन्नासच्या खाली राहू लागला की आम्ही इलेक्ट्रोड बदलतो. पूर्वी तो बदलायचा की नाही हे वादावर ठरत असे.

फरक कुठे आहे ते माझ्या मते स्पष्ट आहे. पीएच सेन्सरमध्ये झिजणारी वस्तू सेन्सरच्या आतच आहे, त्यामुळे तिची झीज त्याला कळते. ड्रमच्या पातळीत चूक सेन्सरच्या बाहेर, नळीत आणि पाण्यात आहे, आणि तिथले त्याला कोणी सांगितले तरच कळते. हिरवा दिवा कशाबद्दल आहे हे विचारून घ्यावे. दिव्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

मोजमाप

आरतीताईंचे म्हणणे मान्य. एक भर घालतो. बाहेरचे थोडेफार कळणारे डीपी ट्रान्समीटरही आहेत. वाहत्या प्रक्रियेत दाब बारीक थरथरत असतो आणि इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी नळी) तुंबली की ती थरथर मंदावते. काही स्मार्ट ट्रान्समीटर सेकंदाला वीसेक वेळा दाब मोजून त्या थरथरीची ओळख ठेवतात आणि ती बदलली की इशारा देतात. मात्र डॅम्पिंग (आकड्याची थरथर दाबणे) मोठे ठेवून 'रेषा सरळ यायला हवी' असा आग्रह धरणारे साहेब असतील, तर पडद्यावरची सरळ रेषा तुंबलेल्या नळीची आहे की चांगल्या नियंत्रणाची, हे नुसत्या डोळ्यांनी कोणी ओळखू शकत नाही.

शून्यबिंदू, तिसऱ्या ट्रान्समीटरबद्दल माझा तर्क असा की त्याची संदर्भ नळी तापते आहे. नळीतले पाणी ८० अंशांवर गेले तर घनता ०.९७२ होते, ६०० मिलिमीटरमागे सुमारे १४ मिलिमीटरचा फरक पडतो आणि ४२६ च्या विस्तारात तो तीन टक्क्यांहून थोडा जास्त येतो. दिशाही जुळते, कारण संदर्भ हलका झाला की पातळी जास्त दिसते. जवळून एखादी गरम नळी किंवा डक्ट गेली आहे का ते पाहा आणि लॅगिंगवाल्यांनी (नळ्यांना उष्णतारोधक गुंडाळणाऱ्यांनी) काय काय गुंडाळले आहे तेही पाहा.

शून्यबिंदू

उशिरा उत्तर देतो आहे, कारण मधल्या काळात एक थांबा मिळाला आणि सगळे प्रत्यक्ष तपासता आले.

डीसीएसमध्ये ड्रमच्या दाबावरून घनतेची दुरुस्ती करणारा ब्लॉक पहिल्यापासून होता. प्रकल्प सुरू करताना चाचणीसाठी तो बायपास केला होता आणि तसाच राहिला होता. तो सुरू केला, टॅपिंगचे खरे अंतर जागेवर मोजून भरले आणि थंड बॉयलरवर तपासले. काच ५० वर असताना पडद्यावर ५१ आले. पाणी मुद्दाम २० पर्यंत उतरवून पुन्हा पाहिले तेव्हाही एका टक्क्यापेक्षा जास्त फरक नव्हता.

तळोजावाला यांनी सुचवलेली बिघाडाची दिशा तपासली. तिघांची सारखी निघाली, पण डीसीएसमध्ये ३.६ ची मर्यादा भरलेलीच नव्हती. ती भरली.

पूर्ण दाबावर गेज ग्लासच्या खालच्या नळीला संपर्क तापमापक लावला तेव्हा २१० अंश आले. पाण्याची घनता तिथे ०.८५ च्या जवळ असते, म्हणजे मोजमाप यांनी धरलेला आकडा बरोबर बसला. पाळीवरच्या फलकावर 'पूर्ण दाबावर काच सुमारे सहा टक्के कमी दाखवेल' असे मराठीत लिहून लावले आहे. अटेंडंट अजून त्या फलकाकडे संशयाने पाहतात आणि मी त्यांना दोष देत नाही.

तिसऱ्याचे कारण मोजमाप यांनी इथे बसून ओळखले, तेच निघाले. ऑफ सीझनमध्ये लॅगिंगच्या टोळीने दोन संदर्भ नळ्या उघड्या ठेवल्या होत्या आणि तिसरी ड्रमकडून येणाऱ्या गरम नळीबरोबर एकाच पट्ट्यात, वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून, फार नेटकेपणाने गुंडाळली होती. पत्रा कापून दोन्ही नळ्या वेगळ्या केल्या आणि संदर्भ नळी उघडी ठेवली. तासाभरात तिसरा ट्रान्समीटर ५३ वरून ५० वर आला. कम्युनिकेटरवर त्याची स्थिती गुंडाळलेल्या नळीच्या काळातही हिरवी होती आणि आत्ताही हिरवीच आहे.